वर्ष संपताना भिंतीवर काय लावावे?

मार्च जवळ आला की प्रत्येक वर्गाला एक सूचना येते : सॉफ्ट बोर्ड सजवा. मग ठरलेली धावपळ सुरू होते. आउटिंगच्या रविवारी कोणीतरी सेक्टर १७ मधून चमकीचे कागद आणतो. ज्यांचे अक्षर चांगले असे तीन-चार जण प्रेपनंतर बसून अक्षरे कापतात. बाकीचे कात्री आणि टाचण्या पुरवतात, किंवा नुसते बघतात. बोर्ड छान दिसतो आणि पाहणीच्या दिवशी शाबासकीही मिळते. एप्रिलमध्ये नवा वर्ग यायच्या आधी तो सगळा बोर्ड एका पोत्यात जातो.

यात वाईट काहीच नाही. पण अशा बोर्डावर एक गोष्ट सहसा नसते, ती म्हणजे आपले वर्ष. तोच बोर्ड शेजारच्या वर्गात लावला तरी कोणाला फरक कळणार नाही. मागच्या वर्षीचा पुन्हा लावला तरी चालेल. वर्गात ३० जण असतात आणि बोर्डावर चार जणांचे हात दिसतात. उरलेल्या २६ जणांनी वर्षभर काय केले, याचा पत्ता त्या भिंतीवर लागत नाही.

माझे म्हणणे असे आहे की वर्षाच्या शेवटचा बोर्ड वर्षाने मागे ठेवलेल्या वस्तूंतूनच करावा, आणि त्यात वर्गातल्या प्रत्येकाची एक तरी वस्तू असावी. त्यासाठी दुकानातून जवळजवळ काहीच आणावे लागत नाही. ही रीत शिकायला आपल्याला लांब जायचीही गरज नाही, कारण तिचा सर्वांत मोठा नमुना चंदीगडमध्येच सुखना तलावाजवळ उभा आहे.

रॉक गार्डन आपल्याला काय शिकवते

घरून आई-बाबा भेटायला आले की आपण त्यांना रॉक गार्डन दाखवतोच. पुतळे पाहतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. पण ती बाग कशी बनली, हे बोर्ड करणाऱ्याने नीट समजून घ्यावे.

नेकचंद सैनी यांचा जन्म १९२४ चा. त्यांचे गाव फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि ते भारतात आले. चंदीगड बांधले जात होते त्या काळात ते सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. नव्या शहरासाठी जुनी गावे उठवली जात होती. मोडलेल्या घरांतून फुटकी मडकी, बांगड्या, कौले, कपबश्या, सायकलींचे सांगाडे असे खूप काही मागे पडत होते. नोकरी संपली की नेकचंद सायकलवरून या वस्तू आणि नदीनाल्यांतले दगड गोळा करत आणि जंगलातल्या एका सरकारी जागेत साठवत. त्या जागेत बांधकामाला परवानगी नव्हती, म्हणून हे काम गुपचूप चालले होते. १९५७-५८ च्या सुमारास सुरू झालेले हे काम कित्येक वर्षे कोणाला कळले नाही.

सरकारी अधिकाऱ्यांना बागेचा पत्ता लागला तेव्हा ती पाडून टाकण्याचीही शक्यता होती, कारण नियमाने ती बेकायदा होती. पण बाग वाचली. १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली आणि नेकचंदांना पगार व मदतीला मजूर देऊन तेच काम पुढे करायला सांगितले गेले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये ते वारले. बागेवर नंतरही संकटे आली. १९९० च्या सुमारास एका रस्त्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा शहरातले लोक आडवे उभे राहिले. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या बाजूच्या वाहतुकीसाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडला गेला, तेव्हाही लोकांनी निषेध केला. फुटक्या कपबश्यांच्या बागेसाठी लोक रस्त्यावर येतात, याचे कारण मला असे वाटते की त्या कपबश्या कोणाच्या तरी घरातल्या होत्या.

आता बोर्डाच्या दृष्टीने त्या बागेकडे पाहू. मला तिथे चार नियम दिसतात.

पहिला नियम : आधी गोळा करा, मग ठरवा. नेकचंदांनी आधी वस्तू साठवल्या आणि नंतर त्यांचे पुतळे केले. आपण उलटे करतो. आधी चित्र ठरवतो आणि मग त्यासाठी सामान विकत आणतो.

दुसरा नियम : वर्गवारी करा. तिथे एका प्रकारच्या पुतळ्यांना फुटक्या बांगड्यांचेच अंगरखे आहेत, दुसऱ्या प्रकाराला चिनी मातीच्या तुकड्यांचे. सगळे सगळ्यात मिसळलेले नाही. एक वस्तू एका जागी पुष्कळ असली की ती कचरा वाटत नाही.

तिसरा नियम : पुनरावृत्ती करा. एकच आकृती एकामागे एक रांगेत उभी केली आहे. ड्रिल स्क्वेअरवर आपल्याला हेच शिकवतात. एकटा उभा असलेला माणूस आणि सरळ ओळीत उभी असलेली पलटण, यांत फरक पडतो तो रांगेमुळे.

चौथा नियम : सगळे एकदम दाखवू नका. बागेतली वाट अरुंद आणि वळणाची आहे, दारे बुटकी आहेत. वाकून आत गेल्याशिवाय पलीकडचे दिसत नाही. आपल्या बोर्डावरही पाहणाऱ्याने जवळ यावे, वाकावे, झाकण उघडून पाहावे, असे काहीतरी हवे.

सामान कुठून आणायचे

जानेवारीत, हिवाळी सुट्टीवरून परत आल्यावर, वर्गाच्या मागच्या बाजूला तीन रिकामी खोकी ठेवा. पहिल्यात कागद जाईल : पाठकोऱ्या वर्कशीट, वहीची पुठ्ठे, जुनी वेळापत्रके, आंतरशालेय सामन्यांचे कागद. दुसऱ्यात लहान कठीण वस्तू : संपलेल्या रिफिली, पेनांची टोपणे, खडूचे तुकडे, मोडके कंपास, फुटलेले टेबल टेनिसचे बॉल. तिसऱ्यात कापड आणि दोरी : बुटांच्या तुटलेल्या लेस, जुने हाऊसचे टी-शर्ट, विरलेल्या पट्ट्या.

आपल्याकडे आणखी एक वस्तू आहे जी साध्या शाळेत मिळणार नाही, ती म्हणजे बूट पॉलिशची डबी. हिशेब करून पाहा. ३० कॅडेटांच्या वर्गात प्रत्येकाची महिन्याला एक डबी संपते असे धरले, तर दहा महिन्यांत ३०० डब्या होतात. झाकणे वेगळी केली तर ६०० गोल चकत्या. एवढे एकसारखे सामान एरवी विकत घ्यायला गेलो तर परवडणार नाही, आणि आपण ते दर महिन्याला फेकून देतो. डबी वर्तमानपत्राच्या बोळ्याने आतून कोरडी पुसायची, मग साबणाच्या गरम पाण्याने धुवायची. भोक पाडताना डबी लाकडी ठोकळ्यावर ठेवून खिळा ठोकायचा, म्हणजे पत्रा चेपत नाही. भोकाची कड धारदार असते, म्हणून ती आतल्या बाजूला राहील असे पाहायचे.

टाकाऊ वस्तूंतून शिकण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. आयआयटी कानपूरमधून शिकलेले अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीच्या आकृत्या करायला मुलांना शिकवले. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कित्येक वर्षे कचऱ्यातून खेळणी करून विज्ञान समजावले. २०१८ मध्ये त्यांनाही पद्मश्री मिळाली. आणि त्याहून जुने उदाहरण आपल्या घरातच आहे. आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवते, तेव्हा तीही गोळा करते, रंग लावून पाहते आणि एकसारखे टाके घालते. नेकचंदांचे तीन नियम तिला आधीच ठाऊक आहेत.

दोन गोष्टी टाळा. एक, थर्माकोल. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे थर्माकोलची अक्षरे लावणे हा आता नियमभंगच आहे. दुसरी, चमकी. ती फरशीवरून निघत नाही आणि फॅटिगला आपल्यालाच झाडावी लागते.

चिकटवायला खळ करा. एक वाटी मैदा आणि पाच वाट्या पाणी. आधी मैदा थोड्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग उरलेले पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचे. मिश्रण पांढऱ्याचे किंचित पारदर्शक झाले की खळ तयार. मेसमधल्या भैयांना नीट विचारले तर ते पाच मिनिटांत करून देतात. पूर्वी खळीत किडे होऊ नयेत म्हणून मोरचूद घालत. तो विषारी असतो, आपण घालू नये. खळ दोन दिवसांत वापरून संपवावी.

पाच उपक्रम

३० जणांचे सहा-सहाचे पाच गट करा. प्रत्येक गटाकडे एक उपक्रम द्या. गट ठरवताना चांगल्या अक्षराची मुले पाचही गटांत वाटली जातील असे पाहा.

१) वर्षाची दोरी. तुटलेल्या लेस एकमेकींना गाठी मारून एक लांब दोरी करायची आणि बोर्डाच्या वरच्या कडेला ताणून बांधायची. तिच्यावर एप्रिल ते मार्च असे बारा चिमटे. प्रत्येक चिमट्याला त्या महिन्याची एक खरी वस्तू आणि एका ओळीची चिठ्ठी. एप्रिलला नव्या वहीचे पहिले पान. जुलैला पावसात भिजून सुकलेला चेस्ट नंबर. ऑक्टोबरला दसऱ्याच्या सुट्टीचे बसचे तिकीट. वस्तू खरीच हवी, चित्र नको. एखाद्या महिन्याचे काहीच सापडले नाही तर चिमटा रिकामा ठेवा. बघणारा बरोबर विचारतो की इथे काय झाले होते, आणि मग वर्गात बोलणे सुरू होते.

२) आधी आणि आता. प्रत्येकाने एका विषयातली दोन पाने आणायची : एक वर्षाच्या सुरुवातीचे, एक आताचे. दोन्ही शेजारी लावायची. पहिल्या पानावर लाल शाई असली तरी चालेल, किंबहुना असावीच. बोर्डावर नेहमी शेवटचे, शंभर टक्के बरोबर पान लागते. त्यातून हुशार कोण एवढेच कळते. दोन पाने शेजारी लावली की कोण किती चालून आला ते कळते, आणि या हिशेबात कधी कधी वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगा सर्वांत पुढे असतो. एक अट मात्र कडक पाळा. पाने ज्याची त्यानेच निवडायची. दुसऱ्याच्या वहीतली चूक कोणी परस्पर लावायची नाही.

३) डब्यांची भिंत. पॉलिशच्या ३० डब्या पाच ओळींत, प्रत्येक ओळीत सहा, तारेने बोर्डाला घट्ट बसवायच्या. बाहेर झाकणावर रोल नंबर. आत एक घडी घातलेली चिठ्ठी : या वर्षी मला न येणारी कोणती गोष्ट आता येते? उत्तर अभ्यासाचेच असायला हवे असे नाही. दोरीवर चढणे, पराठा गोल लाटणे, घरी रडू न येता फोन करणे, काहीही चालेल. बघणाऱ्याला झाकण उघडावे लागते. रॉक गार्डनचे बुटके दार ते हेच.

४) वर्गाची गोधडी. प्रत्येकाला १५ सेंटीमीटर बाजूचा एक चौकोन, कापडाचा किंवा पुठ्ठ्याचा. आडवे सहा आणि उभे पाच लावले की ९० गुणिले ७५ सेंटीमीटरची गोधडी होते. चार बाय तीन फुटांचा बोर्ड साधारण १२२ गुणिले ९१ सेंटीमीटरचा असतो. म्हणजे दोन्ही बाजूंना १६ सेंटीमीटर आणि वर-खाली ८ सेंटीमीटर मोकळी जागा राहते. ती मोकळीच ठेवा. चौकोनावर विषय एकच : यंदा मला कोणी काय शिकवले? उत्तरात सर आणि मॅडम येतातच, पण धोबी भैया, न्हावी, वॉर्डबॉय आणि शेजारच्या कॉटवरचा मित्रही येतात. प्रत्येकाने एक तरी शब्द आपल्या भाषेत लिहावा. आपल्या वर्गात मराठी, पंजाबी, डोगरी, भोजपुरी, मल्याळम सगळे आहेत. एरवी बोर्डावर फक्त इंग्रजी आणि हिंदी असते.

५) रिफिलींची आकृती. हा गणित-विज्ञानाचा गट. संपलेल्या रिफिली सारख्या लांबीच्या कापून त्यांतून दोरा ओवायचा आणि घन, चतुष्फलक, षटकोन बनवायचे. घन हाताने दाबला की वाकडा होतो, चतुष्फलक होत नाही, कारण त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की कोनही ठरतात. पुलांच्या सांगाड्यात आणि मोबाइलच्या टॉवरमध्ये त्रिकोण का दिसतात, याचे उत्तर हातात धरता येते. खाली एक चिठ्ठी लावा : दाबून पाहा.

तिसावा चौकोन

गोधडीबद्दल आणखी एक सांगायचे आहे. आमच्या वर्गात एप्रिलमध्ये आम्ही ३० जण होतो. आता २९ आहोत. एक जण दिवाळीच्या सुट्टीला घरी गेला तो घरच्या कारणाने परत आला नाही. हजेरीच्या वहीत त्याच्या नावावर एक सरळ रेघ आहे आणि त्याचा रोल नंबर आता कोणी पुकारत नाही. गोधडीचे चौकोन वाटताना प्रश्न आला की २९ करायचे की ३०. २९ केले तर एका कोपऱ्यात भोक पडत होते. कोणी म्हणाले, तिथे शाळेचे बोधचिन्ह लावू. शेवटी ३० च करायचे ठरले. बुटाच्या टोकावर कापसाने पाण्याचा एकेक थेंब लावत काचेसारखी चमक कशी आणायची, हे आम्हा सगळ्यांना त्याने शिकवले होते. त्याचा चौकोन सगळ्यांनी मिळून केला आणि त्यावर तेवढेच लिहिले.

चंदीगडच्या सेक्टर ३ मधले युद्धस्मारक तुम्ही पाहिले असेल. २००६ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. स्वातंत्र्यानंतर वीरमरण आलेल्या या भागातल्या आठ हजारांहून अधिक जवानांची नावे तिथे कोरली आहेत. त्यांच्या बलिदानाशी वर्गाच्या बोर्डाची तुलना होऊच शकत नाही आणि मी ती करतही नाही. पण तिथून एक साधी गोष्ट शिकता येते. नाव लिहिलेले असेल तर येणारा माणूस थांबतो, वाचतो. म्हणून बोर्डावर एकूण एक नाव असावे, पदक मिळालेल्याचेही आणि मधूनच निघून गेलेल्याचेही.

येणाऱ्या अडचणी

पहिली अडचण पाहणीची. टाकाऊ सामानाचा बोर्ड गबाळा दिसेल अशी भीती असते. यावर उपाय दुसऱ्या आणि तिसऱ्या नियमात आहे. वर्गवारी आणि रांग. बोर्डावर आधी पेन्सिलीने पट्टी धरून चौकटी आखा. डब्यांमधले अंतर सगळीकडे सारखे ठेवा. मागे एकाच रंगाचा कागद लावा. रांग सरळ असेल तर पॉलिशची डबीसुद्धा सलामी दिल्यासारखी दिसते.

दुसरी अडचण वेळेची. मार्च म्हणजे परीक्षा. म्हणून गोळा करण्याचे काम जानेवारी-फेब्रुवारीत आपोआप होऊ द्या, आणि जोडण्याचे काम परीक्षेनंतर, निकालाच्या आधीच्या मोकळ्या दिवसांत करा. त्या दिवसांत वर्गात कोणालाच काय करावे कळत नसते. रोज ४० मिनिटे धरली तर पाच गटांना सहा दिवस पुरतात.

तिसरी अडचण ऊन-वाऱ्याची. या दिवसांत इथले वारे कोरडे आणि जोराचे असतात. खिडकीसमोरच्या बोर्डावर हलके कागद टिकत नाहीत. स्केचपेनचे रंग उन्हात उडतात. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो, कारण त्यात लाकडातले लिग्निन शिल्लक असते आणि उजेडाने ते रंग बदलते. जे टिकवायचे ते वहीच्या कागदावर, साध्या पेन्सिलीने लिहा. पेन्सिलीचे ग्रॅफाइट उन्हाने फिके होत नाही.

उतरवायचे कसे

बोर्ड लावण्याइतकेच तो उतरवणे महत्त्वाचे आहे. याबाबत चंदीगडचेच एक उदाहरण डोळे उघडणारे आहे. शहर बांधताना पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्या, कॉलेजे आणि विद्यापीठासाठी सागवान आणि वेताच्या साध्या खुर्च्या बनवल्या गेल्या. पुढे त्या जुन्या झाल्या, मोडल्या, आणि ढिगाने भंगारात, लिलावात निघाल्या. त्याच खुर्च्या परदेशातल्या लिलावांत लाखो रुपयांना विकल्या जाऊ लागल्या तेव्हा सगळे जागे झाले. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वारसा वस्तूंच्या विक्रीला मनाई केली. यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की कित्येक खुर्च्यांवर त्या कोणत्या विभागाच्या, कितव्या क्रमांकाच्या, हे रंगाने लिहिलेले होते. कारकुनाने हिशेबासाठी घातलेली ती खूणच आज ती खुर्ची अस्सल असल्याचा पुरावा म्हणून पाहिली जाते.

आपल्या डब्या कोणी लाखाला घेणार नाही. पण खूण घालण्याची सवय घ्यावी. प्रत्येक वस्तूच्या मागे तीन गोष्टी लिहा : वर्ग, वर्ष आणि कोणाची.

मग शेवटच्या दिवशी तीन वाटे करा. पहिला वाटा ज्याचा त्याला परत : चिठ्ठ्या, आधी-आताची पाने. दुसरा वाटा रद्दी आणि भंगाराला : पत्रा वेगळा, कागद वेगळा, म्हणजे तो खरोखर पुन्हा वापरला जातो. तिसरा वाटा एका खोक्यात, पुढच्या वर्गासाठी : गोधडी, रिफिलींच्या आकृत्या, लेसची दोरी आणि ३० रिकाम्या डब्या. फौजेत एका तुकडीकडून दुसरीकडे चार्ज जातो तेव्हा प्रत्येक वस्तूची यादी होते, देणारा आणि घेणारा दोघेही सही करतात. आपणही तसेच करावे. एका पानावर यादी, खाली आपल्या वर्गाच्या मॉनिटरची सही, आणि शेजारी एक रिकामी जागा.

त्या खोक्यात प्रत्येकाने आपल्या बाकावर पुढे बसणाऱ्यासाठी चार ओळींची चिठ्ठीही ठेवावी. उपदेश नको, कामाची माहिती द्या. खिडकीची कुठली कडी अडकते, कोणत्या बाकावर दुपारी ऊन येते, फळ्यावरचे कुठून नीट दिसत नाही, कोणत्या सरांना प्रश्न विचारलेले आवडतात. एप्रिलमध्ये नवीन वर्ग आत येईल तेव्हा बोर्ड कोरा असेल, पण कपाटात हे खोके असेल. यादी तपासून त्यांच्या मॉनिटरने रिकाम्या जागी सही केली की आपले काम संपले, आणि लेसची दोरी त्यांच्या एप्रिलसाठी मोकळी झाली.